निवडणूक कोणाच्या मालकीची?

२३ मार्च २०२५ रोजी कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी कॉमन्स सभा विसर्जित करण्याची शिफारस गव्हर्नर जनरलकडे केली आणि २८ एप्रिलला, म्हणजे अवघ्या छत्तीस दिवसांनी, त्या विशाल देशातील ३४३ मतदारसंघांत मतदान पार पडले. शेजारच्या अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी आपली उमेदवारी १५ नोव्हेंबर २०२२ रोजी घोषित केली होती, आणि ज्या मतदानासाठी ती घोषित केली ते ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. म्हणजे प्रचाराची ती मोहीम दोन वर्षांना दहा दिवस कमी इतका काळ चालली. हजारो मैलांची सामाईक सीमा असलेली, बहुतांशी एकाच भाषेत व्यवहार करणारी, एकच करमणूक पाहणारी आणि इंग्रजी कायद्याच्या एकाच परंपरेचा वारसा सांगणारी ही दोन राष्ट्रे लोकशाहीतील सर्वांत महत्त्वाचे कार्य इतक्या भिन्न रीतीने का पार पाडतात, हा प्रश्न निवडणुकांवर श्रद्धा असलेल्या प्रत्येक देशातील विचारी नागरिकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे जे उत्तर सहसा दिले जाते ते स्वभावाचे आहे. कॅनडाचा माणूस सौम्य, संकोची आणि मध्यममार्गी. अमेरिकेचा माणूस उत्साही, आक्रमक आणि प्रदर्शनप्रिय. म्हणून एकाची निवडणूक शांत व अल्पकालीन, तर दुसऱ्याची कोलाहलाची व दीर्घ, असे सांगून हा विषय मिटवला जातो. हे उत्तर मला सर्वस्वी अमान्य आहे. राष्ट्रीय स्वभाव नावाची काही वस्तू असेलही. परंतु निवडणुकीच्या बाबतीत जिला आपण संस्कृती म्हणतो ती पुष्कळ अंशी कायद्याने, संस्थांनी आणि न्यायालयांच्या निवाड्यांनी घडवलेली असते, आणि स्वभावाचे कारण पुढे करणे म्हणजे सुधारणेची जबाबदारी दैवावर सोपवणे होय. निवडणूक ही उमेदवारांच्या व पक्षांच्या मालकीची आहे की नागरिकांच्या, या एका मूलभूत प्रश्नाला या दोन देशांनी निरनिराळी उत्तरे दिली; त्या उत्तरांतूनच त्यांच्या मतदानाचे आणि प्रचाराचे आजचे रूप सिद्ध झाले आहे.

कॅनडाच्या निवडणुका आरंभापासून निर्मळ होत्या असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १८७४ पूर्वी तेथे बहुतेक ठिकाणी मतदान उघड असे; मतदाराने अधिकाऱ्यासमोर, जमावाच्या देखत, आपल्या उमेदवाराचे नाव उच्चारायचे, आणि ज्याच्या जमिनीवर आपण राहतो किंवा ज्याच्या कारखान्यात आपण राबतो तो मालक त्या जमावात उभा आहे याचे भान ठेवायचे. मद्याचे वाटप, धाकदपटशा आणि पैशाची उघड देवघेव ही त्या काळच्या प्रचाराची नित्याची अंगे होती. शिवाय सर्व मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान होत नसल्यामुळे, जेथे विजयाची खात्री आहे तेथे आधी मतदान उरकून त्या निकालांची छाया इतर मतदारसंघांवर पाडण्याची सोय सरकारला होती. १८७२ च्या निवडणुकीत पॅसिफिक रेल्वेचा मक्ता मिळवू पाहणारे मॉन्ट्रियलचे धनाढ्य जहाजमालक सर ह्यू ॲलन यांनी पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या पक्षाला मोठ्या रकमा पुरवल्या; तो व्यवहार उजेडात आल्यावर १८७३ मध्ये मॅकडोनाल्ड यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर आलेल्या अलेक्झांडर मॅकेन्झी यांच्या सरकारने १८७४ मध्ये जो कायदा केला, त्यामुळे गुप्त मतदान आले, मतदानाचा दिवस एक झाला आणि उमेदवाराला आपल्या खर्चाचा हिशेब सादर करणे भाग पडले. ज्या देशाच्या सौम्यपणाचे आज कौतुक होते, त्या देशाने पहिली मोठी सुधारणा एका लज्जास्पद लाचप्रकरणातून बाहेर पडताना केली, ही गोष्ट स्वभावाच्या सिद्धान्ताला पुरेसे उत्तर देणारी आहे.

दुसरी सुधारणाही अशाच एका अन्यायातून जन्मली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, रॉबर्ट बोर्डन यांच्या सरकारने मताधिकाराच्या कायद्यात फेरफार करून सैनिकांच्या स्त्री नातेवाइकांना मत दिले आणि शत्रुराष्ट्रांतून येऊन १९०२ नंतर नागरिक झालेल्या असंख्य लोकांचे मत काढून घेतले. म्हणजे आपल्याला अनुकूल मतदार यादीत घेतले आणि प्रतिकूल मतदार वगळले. सत्ताधाऱ्यांच्या हाती मतदारयादीची मुखत्यारी असणे किती घातक आहे, हे त्या अनुभवाने पटवून दिले. १९२० च्या कायद्याने मुख्य निवडणूक अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. तो अधिकारी मंत्रिमंडळाच्या हुकमाने नव्हे तर कॉमन्स सभेच्या ठरावाने नेमला जातो, आणि आपल्या कारभाराबद्दल तो संसदेलाच उत्तरदायी असतो. निःपक्षपातीपणाची अपेक्षा कायद्याने इतक्या टोकापर्यंत नेली आहे की, या अधिकाऱ्याला स्वतःला केंद्रीय निवडणुकीत मत देता येत नाही. ही व्यवस्था एका झटक्यात परिपूर्ण झाली नाही. मतदारसंघांतील निर्वाचन अधिकारी तर २००६ च्या कायद्यापर्यंत सरकारच नेमत असे आणि त्या नेमणुकांत पक्षनिष्ठेला वाव मिळे. परंतु प्रवासाची दिशा एकच राहिली: खेळाडूंच्या हातून पंचाचे काम काढून घेणे.

अमेरिकेत हे काम आजही पुष्कळ अंशी खेळाडूंच्याच हाती आहे. तेथे राष्ट्राची निवडणूक चालवणारी एक मध्यवर्ती संस्था नाही. केंद्रीय निवडणूक आयोग आहे, पण त्याचा संबंध पैशाच्या हिशेबापुरता आहे. प्रत्यक्ष मतदान राज्ये आणि त्यांतील हजारो स्थानिक कचेऱ्या चालवतात, आणि बहुसंख्य राज्यांत त्या व्यवस्थेच्या शिरोभागी असणारा अधिकारी एखाद्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो. २००० साली फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निर्णय ५३७ मतांवर येऊन ठेपला, तेव्हा त्या निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या कॅथरीन हॅरिस याच त्या राज्यातील बुश यांच्या प्रचारमोहिमेच्या सहअध्यक्षा होत्या. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्या राज्यातील निवडणुकांचे प्रमुख अधिकारीही तेच होते. या व्यक्तींनी कर्तव्यात कसूर केली किंवा नाही, हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. त्यांनी अत्यंत सचोटीने काम केले असे गृहीत धरले तरी पराभूत पक्षाच्या मतदाराला तसे वाटण्यास आधार उरत नाही, आणि पराभूताने निकाल मनापासून मान्य करणे हाच लोकशाहीचा खरा पाया आहे.

मतदारसंघांच्या सीमांची कथा याच तत्त्वाची साक्ष देते. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात ज्या सोयीस्कर सीमाआखणीची ख्याती झाली, तिचा अवलंब कॅनडातही झाला. १८८२ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी ऑन्टॅरिओतील सीमा आपल्या पक्षाच्या लाभासाठी फिरवल्या. परंतु १९६४ च्या कायद्याने कॅनडाने हे काम प्रत्येक प्रांतासाठी नेमल्या जाणाऱ्या स्वतंत्र आयोगाकडे दिले. आज त्याचा अध्यक्ष प्रांताच्या मुख्य न्यायाधीशाने नेमलेला न्यायाधीश असतो आणि उरलेल्या दोघांना कॉमन्स सभेचे सभापती नेमतात. अमेरिकेत काही राज्यांनी असे आयोग स्थापले असले तरी बहुतेक ठिकाणी सीमा राज्याचे विधिमंडळ ठरवते, आणि पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांची तक्रार ऐकणे केंद्रीय न्यायालयांच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मतदाराने प्रतिनिधी निवडावा ही लोकशाही. प्रतिनिधीने मतदार निवडावा ही तिची विटंबना.

तथापि या दोन देशांतील अंतर सर्वांत स्पष्ट होते ते पैशाच्या प्रश्नावर, आणि येथे इतिहासाने तुलनेसाठी एक विलक्षण संधी दिली आहे. १९७४ या एकाच वर्षी दोन्ही देशांच्या विधिमंडळांनी निवडणुकीच्या खर्चाला मर्यादा घालणारे कायदे संमत केले. अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणाच्या क्षोभातून ते घडले. कॅनडात पक्षांच्या वाढत्या खर्चाच्या चिंतेतून. दोन्ही देशांचे लोकप्रतिनिधी त्या वेळी एकाच निष्कर्षाला आले होते, ही गोष्ट स्वभावाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी. पुढे वाटा फुटल्या त्या न्यायालयांत. १९७६ मध्ये बकली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगीवरील मर्यादा मान्य केली, पण खर्चावरील मर्यादा रद्द केली. कारण खर्च हे अभिव्यक्तीचे साधन आहे आणि काहींचा आवाज ऐकू यावा म्हणून दुसऱ्यांचा आवाज रोखणे हे राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीशी विसंगत आहे, असे न्यायालयाला वाटले. त्या तत्त्वाचा विस्तार होत होत २०१० मध्ये कंपन्यांना आणि कामगार संघटनांनाही स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा मिळाली.

कॅनडातही असाच प्रश्न उपस्थित झाला. पक्ष किंवा उमेदवार नसलेल्या तिऱ्हाइतांनी निवडणुकीच्या काळात जाहिरातींवर किती खर्च करावा यावरील बंधनाला स्टीफन हार्पर यांनी आव्हान दिले होते. ते त्या वेळी नागरी हक्कांच्या एका संघटनेचे प्रमुख होते, आणि २००४ मध्ये निकाल लागला तेव्हा काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते बंधन कायम ठेवले. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याला त्यामुळे बाध येतो हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु ज्यांच्यापाशी विपुल धन आहे त्यांनी सार्वजनिक चर्चेचे सारे अवकाश व्यापले तर ज्यांच्यापाशी ते नाही त्यांचे बोलणे कोणाच्या कानी पडणार नाही आणि मतदाराला सर्व बाजू ऐकून निर्णय करण्याची संधी राहणार नाही, म्हणून हे बंधन मुक्त समाजात समर्थनीय ठरते, अशी त्या निवाड्याची विचारसरणी होती. आणि पुढे हेच हार्पर पंतप्रधान झाल्यावर, त्यांच्याच सरकारने केलेल्या कायद्याने १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या व कामगार संघटनांच्या देणग्या पूर्णपणे बंद झाल्या. एका न्यायालयाने बोलणाऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याने ऐकणाऱ्याकडेही पाहिले. दोन देशांच्या प्रचारातील सारा भेद या दृष्टिभेदात सामावलेला आहे.

या भेदाचे व्यावहारिक परिणाम पाहावेत. आज कॅनडात एखादा नागरिक एका पक्षाला वर्षभरात सुमारे पावणेदोन हजार डॉलर्सपर्यंतच देणगी देऊ शकतो. अलीकडच्या निवडणुकांत एका राष्ट्रीय पक्षाच्या संपूर्ण प्रचाराची खर्चमर्यादा सुमारे तीन कोटी डॉलर्स होती. अमेरिकेत २०२० मध्ये जॉर्जियातील सिनेटच्या एकाच जागेसाठी ओसॉफ आणि पर्ड्यू यांच्यात झालेल्या लढतीवर चाळीस कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम खर्च झाली. लोकसंख्येतील अंतर ध्यानात घेतले तरी या विषमतेचे समाधान होत नाही. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर, बेळगावात वाढलेले मराठी उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत स्वतःच्या पदरचे एक कोटीहून अधिक डॉलर्स खर्च केले. त्या वेळी ते तिसरे आले, आणि २०२२ मध्ये, पुन्हा स्वतःचे धन ओतून, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. त्यांनी कायद्याबाहेरचे काहीही केले नाही, आणि परक्या देशात शून्यातून उभे राहून त्या देशाच्या विधिमंडळात बसणे हे सामान्य कर्तृत्व नव्हे. तरीही कॅनडातील उमेदवाराला स्वतःच्या प्रचारासाठी स्वतःचे पाच हजार डॉलर्सच खर्च करता येतात, हे जाणल्यावर एक प्रश्न टाळता येत नाही: तेवढेच गुण असलेला, पण तेवढे धन नसलेला मनुष्य अमेरिकेत त्या पदापर्यंत कोणत्या मार्गाने पोचेल?

पैशाला मर्यादा असली की काळालाही मर्यादा आपोआप येते, आणि न आल्यास कायदा ती घालू शकतो. २०१५ मध्ये हार्पर यांनी अठ्ठ्याहत्तर दिवसांचा प्रचारकाळ जाहीर केला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दिवस वाढले की खर्चाची मर्यादाही वाढत असे, आणि त्याचा लाभ ज्याची तिजोरी भरलेली त्या पक्षाला होणार हे उघड होते. त्यांचा पक्ष ती निवडणूक हरला, आणि २०१८ च्या कायद्याने प्रचारकाळाला सुमारे पन्नास दिवसांची कमाल मर्यादा घातली गेली. अमेरिकेत पैशाला अंत नाही म्हणून काळालाही अंत नाही. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याची मुदत दोनच वर्षांची असल्यामुळे एका निवडणुकीची देणी फिटतात न फिटतात तोच दुसऱ्या निवडणुकीसाठी देणगीदारांची मनधरणी सुरू होते, आणि ज्या वेळात कायद्यांचे मसुदे वाचायचे तो वेळ या याचनेत जातो. उलट कॅनडात पाच आठवडे स्वयंसेवक दारोदार हिंडतात, अंगणांत पक्षांच्या पाट्या उभ्या राहतात, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये नेत्यांचे वादविवाद होतात, आणि मग लोक आपापल्या कामाला लागतात. मतदाराला कंटाळा येण्यापूर्वी निवडणूक संपणे हाही त्याचा एक हक्कच मानला पाहिजे.

प्रत्यक्ष मतदानाच्या दिवशी हेच तत्त्व आणखी साध्या रूपात दिसते. मतदारयादीत नाव घालण्याचा भार कॅनडात मुख्यतः शासनाने उचललेला आहे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रातील एका चौकटीत खूण केली की माहिती यादीकडे जाते, आणि नाव राहून गेले असल्यास मतदानाच्या दिवशी केंद्रावरही ते नोंदवता येते. मतदानासाठी सलग तीन तासांचा अवकाश मिळण्याचा हक्क नोकरदाराला कायद्याने दिला आहे. मतपत्रिका कागदाची, तिच्यावर अधिकाऱ्याची आद्याक्षरे, आणि त्याच रात्री त्याच केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष हाताने मोजणी: इतका साधा हा शिरस्ता आहे. अमेरिकेत नोंदणीची जबाबदारी बहुतांशी नागरिकावर आहे, तिचे नियम राज्यागणिक बदलतात, आणि कृष्णवर्णीयांना मतापासून दूर ठेवण्यासाठी साक्षरता-परीक्षा व मतकर यांचा जो वापर दक्षिणेत झाला, त्याच्या आठवणी १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरही पुसल्या गेलेल्या नाहीत. तेथे एखादा अडथळा उभा राहिला की तो कोणासाठी उभा केला, ही शंका लगेच निर्माण होते, आणि तिला इतिहासाचा आधार असतो.

अमेरिकन पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे मात्र आदराने ऐकले पाहिजे. त्यांचा पहिला मुद्दा असा की, सत्तेवर असलेल्यांनीच विरोधकांच्या बोलण्याच्या खर्चाला मर्यादा घालणे यात धोका आहे; आणि तो धोका खरा आहे. दुसरा मुद्दा अधिक बळकट आहे: अमेरिकेतील सामान्य मतदार पक्षाचा उमेदवारसुद्धा स्वतः निवडतो, न्यायाधीशापासून शाळामंडळाच्या सदस्यापर्यंत अनेक पदे भरतो, आणि अनेक राज्यांत कायद्यांच्या प्रस्तावांवरही मत देतो, त्याची मतपत्रिका लांबलचक असते ती यामुळे, आणि ती हाताने मोजणे दुष्कर होते तेही यामुळेच. कॅनडाच्या मतदाराला केंद्रीय निवडणुकीत एकाच नावापुढे खूण करायची असते. त्या नावाची निवड पक्षाने आधीच केलेली असते, आणि पक्षनेत्याची संमती नसेल तर त्या उमेदवाराला पक्षाचे नाव लावता येत नाही. परिणामी निवडून आलेला सदस्य मतदारांपेक्षा नेत्याचे मन राखण्यास अधिक उत्सुक असतो. येथे अमेरिकेकडून कॅनडाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कॅनडाच्या व्यवस्थेत याहून गंभीर दोष आहेत. १९९३ मध्ये प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह पक्षाला सोळा टक्के मते मिळूनही दोनच जागा मिळाल्या, तर त्याहून कमी मते पडलेला ब्लॉक केबेक्वा हा पक्ष ५४ जागा जिंकून अधिकृत विरोधी पक्ष बनला. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी अधिक मते काँझर्व्हेटिव्हांना पडली आणि सत्ता लिबरलांकडे राहिली. ही पद्धत बदलण्याचे जाहीर अभिवचन जस्टिन ट्रूडो यांनी २०१५ मध्ये दिले आणि २०१७ मध्ये ते सोडून दिले. शिवाय आपण भारतीयांनी हेही विसरू नये की, ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९०७ मध्ये तेथील भारतीयांचा मताधिकार काढून घेतला होता, केंद्रीय मताधिकारही त्याबरोबर गेला, आणि तो १९४७ पर्यंत परत मिळाला नाही. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना तर आपला वैधानिक दर्जा न गमावता मत देण्याचा अधिकार १९६० मध्ये प्राप्त झाला. नियम सौम्य भाषेत लिहिलेले असले म्हणजे ते न्याय्य असतातच असे नाही.

हे सारे दोष मान्य करूनही माझा निर्णय कॅनडाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण त्या देशाचा सद्गुण हे नसून त्याची रीत हे आहे. त्याने लाचप्रकरणातून गुप्त मतदान काढले, मतदारयादीच्या गैरवापरातून स्वतंत्र अधिकारी काढला, सीमांच्या कारस्थानातून आयोग काढला आणि लांबवलेल्या प्रचारातून काळमर्यादा काढली. प्रत्येक वेळी त्याने एक अधिकार उमेदवारांकडून काढून निःपक्ष संस्थेकडे, म्हणजे पर्यायाने नागरिकाकडे, सोपवला. अमेरिकेलाही या सुधारणांची इच्छा झाली होती, १९७४ हे त्याचे प्रमाण आहे. परंतु इच्छेला संस्थेचे रूप टिकवता आले नाही, आणि आज तेथील सुजाण नागरिक ज्या कोलाहलाला स्वतःच कंटाळले आहेत तो कोलाहल त्यांच्या स्वभावावर आरोप म्हणून लादला जातो.

भारतीय वाचकाला या तुलनेतून एक कर्तव्य प्राप्त होते. स्वतंत्र निवडणूक आयोगाची तजवीज आपल्या घटनाकारांनी आरंभीच करून ठेवली, आणि निनावी देणग्यांचा मार्ग खुला करणारी निवडणूक रोख्यांची योजना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. पण आपल्याकडे खर्चाची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. म्हणजे मर्यादेची चौकट उभी करून तिचे मोठे दार आपण उघडे ठेवले आहे. आपल्या निवडणुकांतील पैशाच्या वापराला लोकांचा स्वभाव कारणीभूत आहे असे म्हणून उसासा टाकणे सोपे आहे; पण कॅनडाचा दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो की स्वभाव कायद्यामागून येतो. पक्षांच्या खर्चालाही मर्यादा असावी आणि प्रत्येक देणगीचा हिशेब जनतेपुढे असावा, ही मागणी प्रत्येक मतदाराने आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.